चंद्रावर जाऊन आलेली पाकिटे

लक्ष्मी आणि चंद्र ही समुद्रमंथनातून निघालेली भावंडे. लक्ष्मी आपली माता, म्हणून चंद्र आपला मामा! पण गंमत अशी, की लक्ष्मीपूजनाच्या रात्री हा मामा आकाशात नसतो. भाऊ-बहिणीची अशी चुकामूक पाहिली, की मला १९७१ सालची एक हकीकत आठवते.

त्या वर्षी २६ जुलैला अमेरिकेतून अपोलो-१५ निघाले. ३० जुलैला डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन हे दोघे हॅडली नावाच्या घळीपाशी उतरले. तिसरा सोबती आल्फ्रेड वर्डेन वरून चंद्राला प्रदक्षिणा घालीत राहिला. खालच्या दोघांनी सुमारे ६७ तास मुक्काम केला आणि चंद्रावर प्रथमच मोटार हाकली. २ ऑगस्टला स्कॉटने टपालखात्याने सोपविलेल्या एका पाकिटावरील तिकिटांवर सर्वांदेखत शिक्का मारला. जणू चंद्रावर टपालकचेरीच उघडली!

परंतु यानात आणखी ३९८ पाकिटे अशी होती, की ज्यांना वरिष्ठांची संमती घेतलेली नव्हती. परतल्यावर त्यांतली १०० एका जर्मन तिकीट-व्यापाऱ्याकडे गेली. मोबदला प्रत्येकी सुमारे ७,००० डॉलर. मुलांच्या भवितव्याची तजवीज, एवढाच हिशेब. चांद्रमोहिमा संपेपर्यंत विक्री होणार नाही, असा तिघांचा समज होता. पण वर्ष सरण्यापूर्वीच पाकिटे बाजारात आली. तिघांनी पैसा नाकारला, तरी बोभाटा व्हायचा तो झालाच. १९७२ मध्ये त्यांच्यावर ठपका आला आणि अपोलो-१७च्या राखीव तुकडीतून त्यांना वगळण्यात आले. उरलेली पाकिटे सरकारने ताब्यात घेतली. वर्डेनने दावा लावला, तेव्हा १९८३ मध्ये ती परत मिळाली. आणि त्याच वर्षी सरकारी संमतीनेच अवकाशयानातून अडीच लाखांहून अधिक पाकिटे विक्रीसाठी नेण्यात आली!

मग त्या तिघांचा अपराध तो कोणता? पाकिटे नेली हा नव्हे. विश्वासाने सोपविलेल्या प्रवासात गुपचूप नेली, हा.

आणि तरीही त्याच स्कॉटने गुपचूप केलेले आणखी एक काम सांगितल्यावाचून राहवत नाही. बोटभर लांबीची, अॅल्युमिनियमची एक मानवाकृती त्याने चंद्राच्या धुळीत आडवी ठेवली. शेजारच्या पट्टीवर अवकाशाच्या ध्यासात असताना मृत्यू पावलेल्या १४ वीरांची नावे होती. त्यांत अमेरिकन होते, तसेच रशियनही होते. दोन्ही राष्ट्रांची चढाओढ चाललेली असताना त्या पट्टीवर वैऱ्याचे आणि आपले असा भेद नव्हता.

पाकिटे पृथ्वीवर आली आणि त्यांचा भाव ठरला. ती आकृती मात्र तिथेच आहे. यंदा दिवे लावून झाले, की मुलांना अंगणात नेऊन काळे आकाश दाखवा. मामा आज दिसत नसला, तरी त्याच्या अंगणात आपण माणसांनी एक पणती ठेवलेली आहे, एवढे त्यांना सांगा.