सुशीचा कट्टा : तळटीप

* जुन्या वळणाच्या सुशीच्या दुकानात गिऱ्हाईक लाकडी कट्ट्याशी बसते आणि पलीकडचा आचारी व्हिनेगर लावलेल्या भाताचा एकेक घास वळून, वर मासा ठेवून पुढे करतो. घास लगेच खावा. हाताने खाल्लेला चालतो. सोया सॉसमध्ये माशाची बाजू टेकवावी, भाताची टेकवली तर घास सुटतो. आल्याच्या चकत्या दोन घासांच्या मध्ये खायच्या असतात.

ही पद्धत १९व्या शतकातल्या एदोची, म्हणजे आजच्या तोक्योची. त्याहून कितीतरी जुनी सुशी बिवा सरोवराकाठची. तिथे गोड्या पाण्यातला मासा मिठात मुरवून, भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवतात. तो मासा रोहू-कटल्याच्याच कुळातला. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाचा मासा खाणाऱ्या वाचकाने हे नाते जरूर ध्यानात घ्यावे. पण कळकळीने सांगतो, धरणाचा मासा कच्चा खाऊ नये. त्यात माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात. कट्ट्यावरचा कच्चा मासा बहुतेक समुद्राचा असतो, आणि तोही पुष्कळदा आधी कडक गोठवलेला. — संपा.