सही कोणाची चालेल?

१९३४ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रामोफोनच्या तबकड्यांचे काही वेगळेच संच तयार झाले. बाजारातली तबकडी तेव्हा मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि तिची एक बाजू चार-पाच मिनिटांत आटपायची. ही तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेत रमतगमत चालायची, एका बाजूला सुमारे पंधरा मिनिटं. तिच्यावर गाणं नव्हतं, पुस्तक होतं. साठ हजार शब्दांची कादंबरी आठ-नऊ तबकड्यांत बसायची. पहिल्या यादीत ख्रिस्ताची शुभवर्तमानं, स्तोत्रं, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यघटना आणि शेक्सपिअर असं सरकारी पैशाला शोभेल ते सगळं होतं. पण त्याच यादीत वुडहाऊसचा जीव्हजही होता आणि मुंबईत जन्मलेले किपलिंगही. यादी करणाऱ्याला वाचक कळत होता, एवढं त्यावरून म्हणता येतं. अशीच मंद फिरणारी तबकडी ‘एलपी’ म्हणून दुकानांत नीट रुळली ती १९४८नंतर. डोळस ग्राहकाला जे तेव्हा नवं वाटलं, ते अंध वाचक चौदा वर्षं वापरत होते.

या तबकड्या ज्या विभागासाठी तयार झाल्या, तो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा. त्याचं आजचं नाव ‘नॅशनल लायब्ररी सर्व्हिस फॉर द ब्लाइंड अँड प्रिंट डिसेबल्ड’. जवळचे लोक नुसतं एनएलएस म्हणतात. छापील मजकूर ज्यांना वाचता येत नाही त्यांना पुस्तक फुकट, ते ऐकायचं यंत्र फुकट आणि ने-आण करणारं टपालही फुकट. अशा संस्थेची वाटचाल सांगायला बसलं की यंत्रांची गोष्ट सांगायचा मोह होतो, कारण ती रंजक आहे. पण हिचा खरा इतिहास मला तिच्या सभासदत्वाच्या अर्जात दिसतो. आत कोणाला घ्यायचं, आणि ‘या माणसाला वाचता येत नाही’ या वाक्याखाली सही कोणी करायची? यंत्रं भराभर बदलली. सहीचा नियम मात्र बदलता बदलेना.

सुरुवात १८९७ची. लायब्ररीची नवी इमारत उघडली त्याच वर्षी तेव्हाचे ग्रंथपाल जॉन रसेल यंग यांनी तिथे अंधांसाठी एक वाचनकक्ष सुरू केला. उठावाच्या अक्षरांतली पुस्तकं आणि संगीताच्या प्रती मिळून साधारण पाचशेचा संग्रह. त्या काळी अमेरिकेत अंधांच्या लिप्या एकाहून अधिक होत्या. बॉस्टनची उठावाची रोमन अक्षरं, न्यूयॉर्क पॉइंट, अमेरिकन ब्रेल, मून असे प्रकार चालत, आणि ज्याने त्याने आपलीच लिपी खरी मानायची. एका शाळेत शिकलेल्याला दुसऱ्या शाळेचं पुस्तक हाताला लागून उपयोग नसे. इंग्रजी बोलणाऱ्या देशांची एका ब्रेलवर सहमती व्हायला १९३२ साल उजाडलं. मधल्या काळात १९०४मध्ये एक गोष्ट मात्र फार चांगली झाली. अंधांची पुस्तकं टपालाने विनामूल्य जाऊ लागली. ही सोय नसती तर वॉशिंग्टनचा तो कक्ष वॉशिंग्टनकरांपुरताच राहिला असता.

कायदा झाला ३ मार्च १९३१ रोजी. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधी रूथ प्रॅट आणि युटाचे सिनेटर रीड स्मूट यांनी मांडलेल्या या प्रॅट-स्मूट कायद्यावर राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी सही केली आणि वर्षाला एक लाख डॉलर मंजूर झाले. मंदीच्या ऐन तडाख्यातली ही रक्कम आहे. पुस्तकं वॉशिंग्टनने करवून घ्यायची आणि वाटायची देशभरातल्या निवडक ग्रंथालयांनी, अशी पद्धत ठरली. सुरुवातीला ग्रंथालयं अठरा होती. ती पद्धत अजून चालू आहे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची मॅनहॅटनमधली अँड्र्यू हायस्केल शाखा याच जाळ्यातली. एनएलएसचा वाचकाशी थेट संबंध फारसा येत नाही. वाचकाला ओळखतो तो त्याच्या राज्यातला किंवा शहरातला ग्रंथपाल, आणि तोही बहुधा फोनवरून.

कायद्यात एक मेख होती. तो फक्त प्रौढ अंधांसाठी होता. मुलांची सोय शाळा करतील, असा हिशेब. शाळा अभ्यासाची पुस्तकं देत. सुट्टीत वाचायला गोष्ट हवी असलेल्या मुलाचा विचार कोणी केला नव्हता. ती अट १९५२मध्ये गेली.

तबकड्यांमागे रॉबर्ट अर्विन हा माणूस होता. लहानपणीच दृष्टी गेलेले अर्विन अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंडमध्ये होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. बहुतेकांची नजर उतारवयात जाते आणि त्या वयात बोटांना ब्रेल शिकवणं अवघड असतं. म्हणजे नुसतं ब्रेल छापून बहुसंख्य अंध वाचक बाहेरच राहणार. १९३३मध्ये कायदा दुरुस्त होऊन तबकड्यांना वाट मिळाली. ऐकायचं यंत्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी १९३५ ते १९४२ या काळात रोजगार योजनेतून सुमारे २३ हजार यंत्रं बनवून घेतली गेली. बेकारांना काम मिळालं आणि अंधांना यंत्र. सरकारी योजनांत असा मेळ क्वचितच जमतो.

पुढे कॅसेट आली. हा टप्पा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. नेहमीची दीड तासाची कॅसेट निम्म्या वेगाने चालवायची आणि दोन बाजूंवर दोन-दोन अशा चार पट्ट्यांत ध्वनी भरायचा. म्हणजे एका कॅसेटमध्ये सहा तास मावत. बाजारातल्या टेपरेकॉर्डरवर ती लावली तर बरळल्यासारखा आवाज यायचा. त्यामुळे चोरीची भीती कमी आणि प्रकाशकही निर्धास्त. दोन्ही बाजू ऐकून झाल्या की यंत्रावरची एक कळ सरकवायची आणि तीच कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावायची, मग तिसरी-चौथी बाजू सुरू. कॅसेट हिरव्या प्लॅस्टिकच्या डब्यातून टपालाने येत. डब्यावरच्या खाचेत पत्त्याचं कार्ड, त्याच्या एका बाजूला वाचकाचा पत्ता, दुसऱ्या बाजूला ग्रंथालयाचा. वाचून झालं की कार्ड उलटं करून खोचायचं आणि डबा टपालपेटीत टाकायचा. ना तिकीट, ना दोरा-डिंक. २००९मध्ये कॅसेटची जागा डिजिटल कार्ट्रिजने घेतली. ती काढता यावी म्हणून तिच्या टोकाला बोट अडकवण्यापुरतं भोक ठेवलेलं आहे. पुस्तकं इंटरनेटवरून उतरवून घेण्याची सोयही त्याच वर्षी झाली.

आवाज देणाऱ्यांमध्ये अलेक्झांडर स्कोर्बी या नटाचं नाव आजही आदराने घेतात. त्यांनी चारशेहून अधिक पुस्तकं वाचली.

एक भांडण सांगायलाच हवं. १९८५मध्ये ओहायोचे प्रतिनिधी चाल्मर्स वायली यांना शोध लागला की सरकारी पैशातून ‘प्लेबॉय’ मासिक ब्रेलमध्ये निघतं. ब्रेलच्या अंकात चित्रं नव्हती, जाहिराती नव्हत्या, नुसता मजकूर होता. ‘मी फक्त लेख वाचतो’ ही नेहमीची सबब जगात कोणाच्या बाबतीत शब्दशः खरी असेल, तर या वाचकांच्या. तरी काँग्रेसने तेवढीच रक्कम, १ लाख ३ हजार डॉलर, अंदाजपत्रकातून कापली आणि ग्रंथपाल डॅनिएल बूर्स्टिन यांनी अंक थांबवला. अंधांची संघटना, ग्रंथालय संघ आणि खुद्द प्रकाशक कोर्टात गेले. १९८६मध्ये न्यायालयाने अंक थांबवणं अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवलं आणि तो पुन्हा सुरू झाला. फुकट मिळतंय ते गुपचूप वाचा, असं या वाचकांना कोणी सांगू शकत नाही, हे त्या निकालाने पक्कं केलं.

आता पुन्हा अर्जाकडे. १९६६मध्ये कायदा आणखी रुंदावला. ज्यांना पुस्तक हातात धरता येत नाही, पान उलटता येत नाही, अशांना प्रवेश मिळाला. पक्षाघात झालेले, हात थरथरणारे, मानेखाली हालचाल नसलेले लोक आले. त्या कायद्याच्या नियमांत डिस्लेक्सियासारख्या वाचन-अक्षमतेलाही जागा ठेवली होती, पण अडसर लावून. अंधत्वाच्या दाखल्यावर डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक यांच्यापैकी कोणाचीही सही चाले. यांपैकी कोणी नसेल तर ग्रंथपालाचीही चाले. डिस्लेक्सियासाठी मात्र वैद्यकीय डॉक्टरच हवा, आणि त्याने लिहून द्यायचं की ही अक्षमता शरीरातल्याच बिघाडामुळे आहे.

अडचण अशी की डिस्लेक्सिया ओळखतात मानसशास्त्रज्ञ आणि वाचन शिकवणारे शिक्षक. ताप-खोकला बघणारा डॉक्टर सही करायला कचरणार, हे उघड होतं. ज्याने तपासणी केली त्याची सही चालायची नाही आणि ज्याची चालायची त्याने तपासणी केलेली नसायची. दाखल्यांसाठी खेटे घातलेल्या मराठी पालकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांकडे खाजगी संस्थांनी आधी पाहिलं. १९४८मध्ये युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या शिक्षणासाठी ॲन मॅक्डोनल्ड यांनी सुरू केलेल्या ‘रेकॉर्डिंग फॉर द ब्लाइंड’ने १९९५मध्ये आपल्या नावात डिस्लेक्सियाही घेतला. सरकारी संस्थेचा नियम जिथल्या तिथे होता.

तो हलला तो बाहेरून, आणि त्यात भारताचाही हात आहे. भारताने २०१२मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त करून अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रती काढायला मोकळीक दिली. २०१३मध्ये मराकेशला यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जून २०१४मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. या करारात अंधत्वाच्या बरोबरीने वाचन-अक्षमता आहे आणि तिच्यामागे शारीरिक कारण दाखवण्याची अट नाही. अमेरिका करारात यायला २०१९ उजाडलं, पण येण्यासाठी तिला स्वतःच्या कॉपीराइट कायद्यातली व्याख्या २०१८मध्ये बदलावी लागली. मग एनएलएसचा कायदा, मग त्याचे नियम, अशी एकेक कडी सुटत गेली. एनएलएसच्या जुन्या नावातला ‘फिजिकली हँडिकॅप्ड’ हा भागही २०१९मध्येच गेला.

फेब्रुवारी २०२१मध्ये नवे नियम लागू झाले. डिस्लेक्सियाच्या दाखल्यावर आता शिक्षक, शाळेतला मानसशास्त्रज्ञ, वाचनतज्ज्ञ, समुपदेशक, समाजसेवक यांची सही चालते. ग्रंथपालाचीही चालते, म्हणजे ज्या टेबलावर अर्ज मिळतो तिथेच तो पुरा होऊ शकतो. ग्रंथालयांपुढे आता निराळंच काम आहे: पूर्वी कधीतरी चौकशीला येऊन ‘डॉक्टरांची सही आणा’ एवढं ऐकून जे परत गेले, त्यांना शोधून पुन्हा बोलावणं. त्यांची नावं कुठल्याच रजिस्टरात नाहीत.