फळी, मेज आणि पंगत : ‘बोर्ड’ या शब्दाचा प्रवास

१/१०
बोर्डाचा निकाल लागला. दुकानावर नवा बोर्ड लागला. क्रिकेट बोर्डाची बैठक झाली. आजोबा बोर्डिंगात राहून शिकले. इंग्रजी शब्द एकच, अर्थ मात्र चार. या चारही अर्थांच्या मुळाशी एक साधी लाकडी फळी आहे. आजचा थ्रेड त्या फळीविषयी.

२/१०
जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे फळी. जहाजाच्या कडेलाही हाच शब्द होता. उत्तर युरोपातील प्राचीन जहाजांचे सुकाणू उजव्या बाजूस असे, म्हणून ती बाजू ‘स्टारबोर्ड’, अर्थात सुकाणूची बाजू. विमानतळावरील ‘बोर्डिंग पास’ हा याच जहाजी अर्थाचा वंशज.

३/१०
मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लाकडी घोड्यांवर फळ्या मांडून जेवणाचे मेज तयार करीत. फळीचे मेज झाले आणि मेजावरून शब्द अन्नापर्यंत पोहोचला. पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी जेवणारा तो ‘बोर्डर’. आपले ‘बोर्डिंग’ इथून आले.

४/१०
मेजाभोवती मसलतीही होत. कालांतराने तिथे बसणाऱ्या मंडळींनाच ‘बोर्ड’ म्हणू लागले. मराठी माणसाला हे नवल वाटू नये. साताऱ्याची गादी म्हटले की आपल्याला कापूस आठवत नाही, सत्ता आठवते.

५/१०
भारतावर या शब्दाचे ओझे पडले ते १७८४ मध्ये. पिटच्या कायद्याने लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ स्थापन झाले. जास्तीत जास्त सहा सभासद कंपनीच्या मुलकी, लष्करी व महसुली कारभारावर देखरेख करीत. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तेव्हाही हे बोर्ड होते. १८५८ मध्ये ते बरखास्त झाले. त्या मेजाशी एकाही भारतीयाला आसन नव्हते.

६/१०
१८८२ च्या रिपन यांच्या ठरावानंतर, १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात तालुका व जिल्हा लोकल बोर्डांची नवी घडी बसली. रस्ते, शाळा, दवाखाने त्यांच्याकडे आले. भारतीयांना जागा मिळाली, पण मताधिकार मोजक्यांनाच होता. १९६२ मध्ये महाराष्ट्रात त्यांची जागा जिल्हा परिषदांनी घेतली.

७/१०
आता कोल्हापूर. खेड्यातील मुलाला शाळेत प्रवेश मिळाला, तरी शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे? राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. मग एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले.

८/१०
बोर्डिंगे समाजवार का? कारण बोर्डिंग म्हणजे सहभोजन, आणि जातिव्यवस्थेचा पहारा सर्वांत कडक होता तो पंगतीवर. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहणारा एक विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास गेला. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार नोंदवतात. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील.

९/१०
याच भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत, एकत्र जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव देण्यात आले.

१०/१०
लंडनच्या मेजाशी सहा जण बसत आणि कोट्यवधींचे भवितव्य ठरवीत. साताऱ्यातील मुले शेजारी शेजारी जेवायला बसत, आणि ‘बोर्ड’चा जुना अर्थ, एकत्र घेतलेले अन्न, तिथे खरा ठरला. यापुढे कोणत्याही बोर्डाचा इतिहास वाचताना एक प्रश्न अवश्य विचारा : तिथे बसायची मुभा कोणाला होती, आणि दाराबाहेर कोण उभे होते?

तुमच्या गावी एखादे जुने बोर्डिंग असेल, तर त्याविषयी खाली जरूर लिहा.