शंकर महादेवन

शंकर महादेवन (जन्म: ३ मार्च १९६७) हे भारतीय पार्श्वगायक व संगीतकार आहेत. कर्नाटक संगीताचा पाया कायम ठेवून त्यांनी चित्रपटगीत, पॉप, फ्यूजन आणि मराठी नाट्यसंगीत या भिन्न प्रकारांत गायन केले आहे. त्यांचे वास्तव्य नवी मुंबईत आहे.

जडणघडण

चेंबूरमधील तमिळ कुटुंबात वाढलेल्या महादेवन यांनी बालपणी कर्नाटक गायन व वीणावादन आत्मसात केले. टी. आर. बालामणी या त्यांच्या गायनगुरू होत. संगीतकार श्रीनिवास खळे यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. नेरूळच्या रामराव आदिक तंत्रज्ञान संस्थेतून अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी केली.

पॉप व चित्रपटसंगीत

१९९८ मधील 'ब्रेथलेस' या गीताने त्यांना देशभर ओळख मिळाली. जावेद अख्तर यांनी लिहिलेली ही रचना एकाच श्वासात गायल्याचा आभास निर्माण करते.

एहसान नूरानी व लॉय मेंडोन्सा यांच्यासह त्यांनी 'शंकर-एहसान-लॉय' या नावाने संगीत दिले. नूरानी यांच्या गिटारवादनावर ब्लूज व रॉकचा प्रभाव आहे, तर मेंडोन्सा कीबोर्डवादक आहेत. 'दिल चाहता है' (२००१) मधील पॉप, 'बंटी और बबली' (२००५) मधील 'कजरा रे'चा लोकसंगीताचा बाज आणि 'रॉक ऑन!!' (२००८) मधील रॉक यांतून या त्रयीचा आवाका दिसतो.

मराठी संगीत

अजय-अतुल यांनी संगीतबद्ध केलेले 'मन उधाण वाऱ्याचे' (२००४) हे महादेवन यांचे लोकप्रिय मराठी गीत आहे. 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) या चित्रपटात त्यांनी पंडित भानुशंकर शास्त्री यांची भूमिका केली. याच नावाच्या १९६७ च्या नाटकाला जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत होते. चित्रपटात त्यातील पदांना त्रयीच्या नव्या रचनांची जोड मिळाली. दोन घराण्यांतील संघर्ष हा या कथेचा विषय आहे. कर्नाटक पद्धतीत घडलेल्या गायकाने येथे हिंदुस्तानी गायकीचा वारसा सांगणारे पात्र साकारले. दोन्ही पद्धती रागाधारित असल्या तरी त्यांतील गमक, आलाप व ताना यांची हाताळणी वेगळी असते.

सन्मान

'कंडुकोंडेन कंडुकोंडेन', 'तारे जमीं पर' व 'चिटगाँव' या चित्रपटांतील गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'कल हो ना हो' (२००३) साठी त्रयीला संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. २०१९ मध्ये महादेवन यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. जॉन मॅकलॉक्लिन व झाकिर हुसेन यांच्या 'शक्ती' समूहाच्या 'धिस मोमेंट' या अल्बमला २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. महादेवन हे या समूहाचे गायक होते.