प्रभात फिल्म कंपनीचे कथापट

मराठी व हिंदी चित्रपटांची निर्मिती करणारी भागीदारी संस्था. स्थापना कोल्हापूर येथे १ जून १९२९ रोजी. विष्णुपंत दामले, एस्. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी हे मूळ भागीदार. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. भांडवलाचा भार मुख्यत्वे कुलकर्णी यांनी उचलला.

गोपालकृष्ण (१९२९), उदयकाल (१९३०) इ. मूकपटांनंतर कंपनीने अयोध्येचा राजा (१९३२) हा बोलपट मराठी व हिंदी भाषांत काढला. दुर्गा खोटे व गोविंदराव टेंबे त्यात प्रमुख भूमिकांत होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली व एरंडवण्याच्या माळावर तिने आपले कलागृह उभारले. चित्रणापासून रसायनशाळेपर्यंतची कामे एकाच आवारात होत. कलावंत व तंत्रज्ञ मासिक वेतनावर असत. त्यामुळे विषयाची निवड व तालमींचा अवधी यांबाबत दिग्दर्शकांना स्वातंत्र्य लाभले. १९३४ मध्ये शनिवारवाड्यापासून जवळच, अप्पा बळवंत चौकात, किबे यांच्या जागेत प्रभात चित्रपटगृह सुरू झाले व ते पुढे ऐंशी वर्षे त्याच नावाने चालले.

पुण्यात निर्मिलेल्या पहिल्या अमृतमंथन (१९३४) या चित्रपटात धार्मिक अंधतेवर टीका होती. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित संत तुकाराम (१९३६) मध्ये विष्णुपंत पागनीस यांनी तुकाराम साकारला. चमत्कारांइतकेच देहूतील दैनंदिन जीवनाला व जिजाईच्या फटकळ ममतेला त्यात स्थान आहे. व्हेनिस येथील महोत्सवात १९३७ मध्ये त्याचा गौरव झाला. शांतारामांनी कुंकू (१९३७) मध्ये ना. ह. आपटे यांच्या कादंबरीच्या आधारे जरठ-बाला विवाहाचा प्रश्न हाताळला आणि पार्श्वसंगीत टाळून स्वाभाविक ध्वनींचा उपयोग केला. माणूस (१९३९) मध्ये पोलीस शिपाई व वेश्या यांचे प्रेम, तर शेजारी (१९४१) मध्ये हिंदु-मुसलमान मैत्री हा विषय होता.

१९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले. युद्धकाळात कच्च्या फिल्मवर नियंत्रणे आली. अशा परिस्थितीत निघालेल्या रामशास्त्री (१९४४) या चित्रपटाचा विषय पुण्याच्या शनिवार पेठेशी निगडित होता. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याबद्दल राघोबादादांना दोषी ठरविणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची भूमिका गजानन जहागीरदार यांनी केली. सत्तेपुढे न वाकणाऱ्या न्यायाची ही कथा परकीय राजवटीतील प्रेक्षकांना विशेष भिडणारी होती.

१९४५ मध्ये दामले निवर्तले. हम एक हैं (१९४६) या चित्रपटातून देव आनंद प्रथम पडद्यावर आले. तथापि युद्धोत्तर काळात नटांचे मोल वाढून वेतनदारीची पद्धत मोडकळीस आली आणि मोठ्या कलागृहाचा खर्च कंपनीला पेलेना. १९५०–६० या दशकाच्या पूर्वार्धात कंपनीचा व्यवहार संपला. १९६० मध्ये त्याच वास्तूत केंद्र सरकारने चित्रपट प्रशिक्षणसंस्था स्थापन केली.

ज्या एकविचारी भागीदारीवर ही संस्था उभी राहिली, ती दुभंगताच तिचा पायाही खचला. तथापि लोकरंजन व सामाजिक विचार यांची सांगड घालता येते, हे तिच्या कथापटांनी मराठी चित्रपटसृष्टीला दाखवून दिले.