भिजत पडलेलं घोंगडं



परवा रानात तीन रात्री मेंढरं बसवली. सकाळी वाडा उठला तर बांधाकडंला कातरलेल्या लोकरीचा ढीग तसाच पडलेला. म्हटलं, मामा, लोकर विसरली काय? मामा म्हणाले, "नेऊन काय करू? कातरणाऱ्याची मजुरी बी सुटत न्हाई."

ह्याच लोकरीवर आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या घरं चालली. म्हणून आज तिचा इतिहास लिहितोय.

आपली मेंढी दख्खनी. कमी पावसाच्या मुलखात तगणारी, वर्षातून दोनदा कातरायची. लोकर काळी, करडी, थोडी पांढरी. परदेशी मेरिनोपेक्षा दुप्पट तरी जाड, त्यात बरेच केस आतून पोकळ. अंगाला टोचते, पण थंडी-पाऊस अडवते. ओली झाली तरी ऊब धरते, मात्र वाळायला वेळ लावते. 'भिजत घोंगडं' आपण उगाच म्हणत नाही.

धनगरांनी राखायची, सणगरांनी खड्ड्यातल्या मागावर विणायची, अशी वाटणी. सुताला खळ चिंचोक्याची. रंग घालायचा नाही, मेंढीचा असेल तोच. काळ्यात पांढरी मिसळून पिंजली की करडा रंग निघायचा.

पण खरी कला त्याच्या आधीची, मिसळणीची. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ते मऊ. नुसत्या जावळाचं घोंगडं भारी मोलाचं, कारण एका कोकराचं जावळ ते किती निघणार! म्हणून जाणती बाई मोठ्या मेंढीच्या लोकरीचा थर, त्यावर जावळाचा थर असं करून एकत्र पिंजायची. लांब राठ केसानं बळकटी यायची, जावळानं मऊपणा. मग पेळू करून चातीवर कातायचं. ताण्याच्या सुताला पीळ जास्त, आडव्याला कमी.

1980 च्या आसपासची गोष्ट, मी पाचवी-सहावीत असेन. आईनं हौसेनं घोंगड्याच्या सुताचा मफलर विणायला घेतला. मफलर तिरका व्हायला लागला, मानेला टोचायला लागला ते वेगळंच. वाड्यावरच्या एका आजीनं बघितलं नि हसली. म्हणाली, "पोरी, हे सूत मागाचं, सुयांचं न्हवं." तिनं जावळ जास्त घालून लोकर परत पिंजली, सैल कातली, आणि दोन पदर एकत्र घेऊन उलट्या बाजूनं पीळ दिला. एकपदरी सुताचा पीळ विणीला एका अंगाला ओढतो. दोन पदर उलटे पिळले की ओढ मिटते. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला हे ठाऊक होतं. तो मफलर मी दहावीपर्यंत वापरला.

मग बिघडलं कुठं? 1950 साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीनं ऑरलॉन नावाचा अ‍ॅक्रिलिक धागा बाजारात आणला. असला धागा हळूहळू आपल्याकडंही आला. आज दुकानात 'लोकर' म्हणून जे रंगीत गुंडे मिळतात, त्यातले बहुतेक खनिज तेलापासून केलेले. मेंढीचा त्याच्याशी संबंध नाही, नाव तेवढं तिचं राहिलं. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडं मागं सारलं. मटणाला भाव आला, तशी कळपात लोकर कमी नि अंग जास्त असलेली माडग्याळसारखी मेंढी वाढली. धनगराचं चुकलं म्हणता येत नाही, त्याला पोट आहे.

लोक म्हणतात, आपली लोकरच राठ, म्हणून गेली. मला ते पटत नाही. राठ ती आधीपण होती. तिच्यात काय नि किती मिसळायचं हे ओळखणारा हात गेला, मग ती टाकाऊ ठरली.

मी तो ढीग पोत्यात भरून आणलाय. राठ लोकर डाळिंबाच्या बुडाला आच्छादन म्हणून घालीन. कुजली की नत्र देते. जावळ तेवढं निवडून ठेवलंय. चाती माळ्यावर आहे, कातणारं कुणी नाही.

तुमच्याकडं कातणारी म्हातारी माणसं असतील तर नुसता फोटो काढू नका. शेजारी बसा, एक पेळू हातात घ्या. आमच्या आजीजवळ आम्ही बसलो नाही.