समुद्राचं वेळापत्रक : माल्टा ते रत्नागिरी

आजचा भाग हवामानाचा आहे, पण कंटाळू नका, यात लढाया आहेत, एक कैदेतला राजा आहे आणि एक बुडालेली बोट पण आहे.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर फिरायला कधी जावं? कोणीही सांगेल, मे ते ऑक्टोबर. आणि आमच्या रत्नागिरीला कधी यावं? ऑक्टोबर ते मे. म्हणजे जवळपास उलटं!

का? उन्हाळ्यात माल्टावरची हवा वरून खाली दाबली जाते, त्यामुळे ढगच धरत नाहीत. जुलै कोरडा ठणठणीत. पाऊस येतो तो हिवाळ्यात, पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांबरोबर. वर्षाचा मिळून साधारण ५५० मिलिमीटर. आपल्याकडे उन्हाने जमीन तापते, समुद्रावरून नैर्ऋत्येचे वारे आत घुसतात आणि सह्याद्रीला धडकून सगळं पाणी इथेच ओततात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. माल्टाला वर्षभरात मिळतो त्यापेक्षा जास्त पाऊस आपण एकट्या जुलैत झेलतो.

पण इतिहासात महत्त्व पावसापेक्षा वाऱ्याला होतं. शिडाच्या जहाजांच्या काळात हवामान ठरवायचं की समुद्र उघडा की बंद. रोमन लोक नोव्हेंबर ते मार्च भूमध्य समुद्र बंदच धरायचे. बायबलमध्ये संत पॉलचं जहाज माल्टाला फुटतं ते हाच नियम मोडून उशिरा निघाल्यामुळे. नंतर ती मंडळी हिवाळ्याचे तीन महिने बेटावर थांबली आणि मगच पुढे निघाली. १५६५ साली ऑटोमन आरमाराने माल्टाला वेढा घातला, तोही मे महिन्यात. सप्टेंबरमध्ये किल्ल्याला बाहेरून मदत पोचली, हवा बदलायची वेळ आली आणि आरमार परत फिरलं.

आता आपल्या किनाऱ्याच्या तारखा बघा. सिंधुदुर्गाची पायाभरणी नोव्हेंबर १६६४ मध्ये झाली. शिवाजी महाराज मालवणहून समुद्रमार्गे बसरूरवर गेले ते फेब्रुवारी १६६५ मध्ये. तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग गेला एप्रिल १७५५ मध्ये, पेशवे आणि इंग्रज एकत्र आले तेव्हा. तेव्हा पावसाळा तोंडावर होता. विजयदुर्ग पडला पुढच्या उघडिपीत, फेब्रुवारी १७५६ ला. यात जून-जुलै कुठेच नाही! पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढायची, झापांनी शाकारायची, डागडुजी करायची. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर वर्षातून चार महिने प्लॅन्ड मेंटेनन्स.

हीच गोष्ट घराघरातही होती. आगोट जवळ आली की तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा यांची बेगमी करायची. कारण आगबोटी आल्या तरी त्याही पावसाळ्यात बंद असायच्या. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. एप्रिल म्हणजे हंगामाचं शेवटचं टोक. थोड्याच दिवसांत समुद्र बंद, म्हणजे मुंबईची बोट बंद. उरला आंबा घाटासारखा डोंगरातला रस्ता. राजा इथे तीस वर्षं राहिला आणि १९१६ मध्ये इथेच गेला. त्याच्यावर पहारा होताच, पण दर वर्षी चार महिने हा पावसाचा दुसरा पहारा बसायचा. पावसात थिबा पॅलेसच्या आवारात उभं राहून समोरची खाडी बघा, मी काय म्हणतोय ते कळेल.

वेळापत्रक मोडलं की काय होतं, त्याचीही आठवण आपल्याकडे आहे. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढातला समुद्र, वर बोट माणसांनी भरलेली. वाटेत ती कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बहुतेक साधी, घरी निघालेली माणसं. कुलाब्यातल्या जुन्या लोकांकडे हा विषय काढला की अजूनही आवाज खाली येतो.

म्हणूनच नारळी पुनवेला महत्त्व आहे. नारळ सोडणं ही श्रद्धा आहेच, पण त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण आहे की आता वारा उतरला, आता होड्या लोटायला हरकत नाही. आजही जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. त्याचं एक कारण माशांची वीण, दुसरं माणसांचा जीव.

आता खरी काळजीची गोष्ट. हे वेळापत्रक हलायला लागलंय. ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी, मासेमारीच्या ऐन हंगामात, ‘क्यार’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोर उभं राहिलं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ आलं आणि दापोली-मंडणगडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेलं, तेही आंबा झाडावर असताना. अरबी समुद्राचं पाणी तापतंय आणि तापलेलं पाणी म्हणजे वादळाचं इंधन.

पूर्वीच्या माणसाकडे उपग्रह नव्हता, मोबाइलवर इशारा येत नव्हता. पण समुद्र कधी उघडा आणि कधी बंद, हे त्याला पक्कं माहीत होतं. आपल्याकडे इशारा आहे, पण ती खात्री गेलीय. पाचशे वर्षांच्या लढाया, बंदरं, सण ज्या तारखांवर उभे राहिले, त्या तारखाच आता भरवशाच्या राहिल्या नाहीत. नारळ लागलेलं झाड उन्मळून पडलं तर नवीन झाडाला फळ धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. तेवढ्यात किती वादळं येतील, कोण सांगणार?

तेव्हा एक काम करा. घरात आजी-आजोबा असतील तर विचारा, तुमच्या लहानपणी आगोटीची तयारी कधी सुरू व्हायची? शेवटची बोट कधी सुटायची? उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. हवामानाचा हा इतिहास कुठल्याच ॲपमध्ये नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पावसात समुद्रावर सेल्फी काढायला जाऊ नका!